खंडेनवमीचं गवत

मायाप्पा येडगे कोकरू घेऊन आला
खताच्या पोत्यात, सायकलच्या कॅरियरला बांधून,
उचगावच्या फाट्यापासून पार सागरमाळापर्यंत.
हायवेला टेम्पोनं उडवलं, म्हणाला,
त्यात काय बघायचं न्हाई.
पर कळपातली आनि दोन पातळ हगाय लागलीत,
आत काय हाय तेवढं सांगा, बाई.

चोपडेमामांनी ट्रे मांडला,
खिडकी उघडली
आणि नाकाला रुमाल लावून व्हरांड्यात गेले.
मी आतडं उकलत गेले
कोमट मिठाच्या पाण्यात, वीत वीत करत.

फाटलेलं दूध. थोडा हिरवा चोथा.
मग तो.
भिजलेल्या शेवईसारखा, अजून वीतही पुरी नाही.
भिंगाखाली त्याचं डोकं: चार वाट्या,
चारही कोकराच्या भिंतीला चिकटलेल्या.
तोंड नाही. आतडं नाही.
ह्या गावात, जिथे पाहुण्याला उंबऱ्यातच विचारतात
तांबडा का पांढरा,
हा बिनतोंडाचा, कातडीनंच जेवणारा.

मायाप्पा वाकला.
कधीपासनं हाय ह्यो?

वीस वर्षं मी हेच विचारते आहे.
पुस्तकात बाण असतात,
अंड्यापासून किड्याकडे, किड्यापासून मेंढीकडे.
बाणाच्या आतली पहिली रात्र
मला कधी सापडली नाही.
एवढं माहीत आहे:
खसखशीहून बारीक किडा
दवाच्या वेळी पात्यावर चढतो,
त्याच्या पोटात हा,
डोकं स्वतःतच ओढून घेतलेला,
उलटा करून ठेवलेल्या मोज्यासारखा.
पातं तुटतं. किडा चिरडतो.
कडू पित्त लागतं, ऊब लागते,
मोजा सुलटा होतो.
डोकं चाचपडतं,
हाताला लागेल ती मऊ भिंत धरतं
(हात कुठले, पण बोलताना तसंच तोंडात येतं),
आणि मानेतून एक पेर सुटतं. त्याला ढकलत दुसरं.

उसासारखं, मी म्हटलं.
वाढ्याकडं कोवळं, बुडख्याकडं जुनं.
आनि मुळी?
डोक्याला.
म्हंजे वाढ्यालाच मुळ्या, मायाप्पा म्हणाला,
मग ह्यो ऊस उलटा लावलाय कुनीतरी.

मी मोजलं. शेपटाकडची पेरंसुद्धा
अजून नुसत्या रेघा, अंड्यांचा पत्ता नाही.
पंधरा दिवस, म्हटलं. फार तर सोळा.

त्यानं अंगठा करंगळीच्या बुडाला टेकवला.
ओठ हलत होते. एक हात संपला.
दुसऱ्यावर चार पेरं.
खंडेनवमी, म्हणाला.
आमी भाकरी सोडली हुती बांधावर,
ऊन पडायचं हुतं अजून.
लगमी वरडली, बाबा, ह्यानं गवात खाल्लं!
पयलं पातं. अर्धं तोंडात, अर्धं भाईर.
लई हसलो आमी.

उरलेल्यांना औषध लिहून दिलं.
दव उतरल्यावर सोडत जा, म्हटलं.
बाटलीत स्पिरिट ओतलं.
आतली चिठ्ठी पेन्सिलीनं लिहायची असते, शाई विरघळते.
गाव, तारीख, यजमान प्राणी.
वयाच्या रकान्यात
दिवसांचा आकडा घालायचा, मी तिथी घातली.

मामांनी पोतं धुऊन दिलं.
मायाप्पानं झटकलं, चौघडी घातली,
दारापर्यंत जाऊन परत आला.
नवमीचं लगमीला सांगू नगा, म्हणाला,
जशी काही ती तिथेच
स्टुलापाशी उभी होती.