तीनशे मिलिसेकंद

वादळाची सूचना आली
तेव्हा तोरुनने फ्रँकफर्टमधलं बिऱ्हाड हलवलं:
एवढासा कंटेनर, सॅमनच्या अंगावरच्या उवा मोजणारा,
चंबूगबाळं आवरून निघाला
थेट फ्योर्डमधल्या बार्जवर,
आइलर्टच्या कॉफीच्या किटलीमागच्या डब्यात.

जागा अपुरी. मेमरी चार गिगाबाइट.
हवामानाच्या आलेखाला बाहेर काढावं लागलं.
तो तसाही आता खिडकीतून दिसत होता.

पावणेदहाला केबल तुटली.
मोजणी चालूच.

फक्त तिथून उठणं आणि इथे टेकणं
यांच्यामध्ये तीनशे मिलिसेकंद
तो कुठेच नव्हता,
आणि नेमका तेव्हाच एक मासा
कॅमेऱ्यासमोरून गेला.

तोरुन म्हणते, चालायचंच.
आइलर्ट म्हणतो, मी पाहिला ना.
ओल्या वहीत पेन्सिलीने लिहिलंय:
डाव्या कल्ल्यापाशी, दोन.