दीड चौरस मीटर

बावीस वर्षं मी साओ पावलोच्या भिंतींना कागद चिकटवले.
एका जाहिरातीचे तुकडे बत्तीस.
हसऱ्या बाईची बत्तिशी दोन तुकड्यांत वाटलेली,
सांधा चुकला की बाई दात विचकायची.
माझा सांधा कधी चुकला नाही.
कसाव्याच्या पिठाची खळ, बादली, लांब दांड्याचा ब्रश,
आणि खाली शिडी धरून ओझियास,
वर न बघता म्हणायचा, बिअर आहे ना? वास येतोय.
खळीला कसला आलाय वास.
पण असायची बिअरच.

मग शहराने कायदा केला.
नगरपालिकेच्या माणसाने टेप ताणून दाखवली:
दहा मीटरच्या आतलं दुकान असेल, तर पाटी दीड चौरस मीटर.
कोपऱ्यावरचा न्हावी म्हणाला, माझं नाव मुळातच तेवढं.
बाकीचे कोर्टात गेले.

ज्या हातांनी लावलं त्याच हातांनी काढायचं ठरलं.
मजुरी तीच, दिशा उलटी.

कागद एकटा निघत नाही.
बिअरखाली मोबाइल, तेव्हाचा, विटेएवढा.
मोबाइलखाली एक उमेदवार, दोनदा पडलेला.
उमेदवाराखाली सिगारेट,
जिला आधीच्या एका कायद्याने उतरवलं होतं
आणि आम्ही आळसाने नुसतं झाकलं होतं.
सगळ्यात आत, थेट विटांवर रंगवलेली
अशक्तपणावरच्या काढ्याची बाटली.
आईला तिचं गाणं पाठ होतं.
रेडिओवरची नायिका विधवा व्हायची,
की मधेच काढा यायचा.
पुढचं रडणं काढ्यानंतर.
आई ओल्या हातांनी थांबायची,
आणि शेजारणीला सांगायची, रेडिओचं एक बरं असतं, फुकट असतो.

एका फलकामागे खिडकी निघाली.
काच होती, पडदाही होता.
आत शिवणयंत्रं, बोलिव्हियाहून आलेली चौदा माणसं.
ऊन अंगावर पडलं तसे सगळ्यांचे पाय एकदम थांबले.
एका बाईने अर्धी शिवलेली बाही डोळ्यांवर धरली.
एउलोहिया, हे नाव पुढे कळलं.
तिने विचारलं, काय होतं इथे, आमच्यावर?
सहलीची जाहिरात, मी म्हटलं. समुद्र. निळा.
ती हसली.
आमच्या देशाला समुद्र नाही, म्हणाली,
आणि इथे तीन वर्षं त्याच्या पाठीमागे बसलो.

आता गुडघे गेले.
मोकळे सांगाडे अजून उभे आहेत काही ठिकाणी,
कबुतरं बसतात, त्यांना परवाना लागत नाही.
बसथांब्यांवर आणि रस्त्यावरच्या घड्याळांवर
जाहिरात परत आलीय, रीतसर, निविदा भरून.
उरलेली सगळी खिशात.
परवा मी फोनवर गुडघ्याचा डॉक्टर शोधला.
रात्री मलम आलं.
सकाळी, शिडीवरून पडणाऱ्यांसाठी विमा.
नातीच्या, टाइनाराच्या, फोनवर यातलं काही नाही.
तिला वजन कमी करायला सांगतात.
सोळा वर्षांची, काडीसारखी पोर.

भिंतीवरची बाई सगळ्यांना एकच दिसायची.
पाद्री तिच्यावर चिडायचा,
पोरं तिला मिशा काढायची,
कुणीतरी अर्ज करायचं, कुणीतरी टेप घेऊन यायचं.
आता टाइनाराची भिंत टाइनाराला, माझी मला,
आणि ती रोज रात्री बदलते, कुणाची शिडी दिसत नाही.
टेप धरायची कुठे?
मी नातीला म्हटलं, दाखव मला तुझी भिंत.
तिने फोन उलटा ठेवला.

गेल्या आठवड्यात एउलोहियाने बोलावलं.
तिचं स्वतःचं दुकान आहे आता, एक यंत्र, एक खुर्ची.
झिप बदलून मिळेल, एवढंच लिहिलेला कागद,
भाचीच्या अक्षरातला.
घरी खळ शिजवली. किती वर्षांनी.
खाली शिडी धरायला ओझियास नव्हता, आणि शिडीही लागली नाही,
खिडकी छातीएवढ्या उंचीवर.
माझ्या वितीने मोजलं, कायद्यात बसत होतं.
थोडा तिरका लागला.
काढून पुन्हा लावतो म्हटलं,
तर म्हणाली, राहू दे,
आणि पायाने यंत्र सुरू केलं.