तिसरी पाळी

रात्री अकराला माझ्या दोन पाळ्या एकदम लागतात.
एक भिंतीवरच्या फळ्यावर, खडूनं:
ऑर्फेलिना नावेलकीन, सामन मासा, पट्टा चार.
दुसरी कुठंच लिहिलेली नसते.
आणि दुसरीच्या पाठोपाठ ती येते.

दुसऱ्या दिवशी येते, चौथ्या दिवशी जाते,
येण्याचं कारण सांगत नाही, जाण्याचंही.
पोटदुखीला आमच्या बेटावर मान आहे,
फडक्यात गुंडाळलेली गरम वीट आहे,
शेजारणीची हळहळ आहे.
खाजेला काय आहे?
खाज म्हटलं की लोक आधी हसतात
आणि मग तिला एखादा पुरुष चिकटवतात.
माझा पुरुष तीन वर्षांपूर्वी खाणीकडे गेला, उत्तरेला.
चिकटवायचाच तर कुणाला?

हातात दोन जोड मोजे, आत लोकरी, वर रबरी,
त्यावर माशांचं बर्फाळ पाणी.
डोळे पाणावले तर खांद्याला पुसता येतात,
नाक दंडावर घासता येतं.
तिथं पोचेल असा तिसरा हात देवानं दिला नाही,
बरंच केलं म्हणा,
मुकादम एरिबेर्तो त्याचीही मिनिटं मोजत बसला असता.

मी या पायावरून त्या पायावर.
मेंढीची कच्ची लोकर असते ना,
न धुतलेली, काटेकुसळं अडकलेली,
तिचीच चड्डी विणून कुणी मला घातली आहे
आणि बजावलं आहे, हलू नकोस.

दवाखान्यातल्या सुईणबाईंनी, ग्रिसेल्दांनी, तपासलं.
काडी फिरवली, काचेवर पुसली, कास्त्रोला पाठवली.
पंधरा दिवसांनी कागद आला, कागदावर नाही, नाही, नाही.
बुरशी नाही. जंतू नाहीत. रक्तात साखरही नाही.
"मग?"
"मग मला माहीत नाही," बाई म्हणाल्या,
डोळे न वळवता.
इतक्या वर्षांत मला कुणी इतकं खरं सांगितलं नव्हतं.

वासाचे पॅड बंद. आत साबण बंद.
आईचा पाल्याचा काढाही बंद,
त्यावर आई आठवडाभर रुसली,
आजीच्या आजीपासूनचा पाला म्हणाली.
सुती कापड. तीन तासांनी बदल. गार पाण्याची घडी.
आणि तारखा लिही, पुन्हा येशील तेव्हा बघू.

बटाट्यांच्या हिशेबाच्या वहीत लिहिते.
सहा तारीख: फार.
सात: फार, शिवाय मुकादम.
आठ: रात्रभर लोकर पिंजली, हातांना काम दिलं, थोडी विसरले.
पुढच्या पानावर अकरा पोती, तांबडा बटाटा, उधार.

संडासाला सात मिनिटं मिळतात.
दोन मोजे काढण्यात जातात, एक एप्रनच्या गाठीत.
उरलेल्या चारांत मी नळाखाली घडी भिजवते,
पिळते, ठेवते,
कपाळ फरशीच्या भिंतीला टेकते
आणि अख्खा कारखाना माझ्यापुरता बंद पडतो.
सातव्या मिनिटाला पुन्हा बूट.

गेल्या महिन्यात पट्ट्यावर नवी पोर आली, हैतीची,
मिर्लांद. भाषा कळेना ना तिला ना मला.
मधल्या सुट्टीआधी बघते तर तीही
या पायावरून त्या पायावर, ओठ दाबून.
माझं काळीज लक्क झालं.
कपाटातून सुती कापडांचा गठ्ठा काढला,
तिच्या हातात कोंबला, डोळ्यांनी खाली खुणावलं,
गार, म्हटलं, गार पाणी, आणि हातानं पिळून दाखवलं.
ती बघतच राहिली.
मग वाकून तिनं बूट काढला, उलटा केला.
ओंजळभर पाणी पडलं, माशांचं.
बूट फुटका होता.

मी इतकी हसले की एरिबेर्तोनं मिनिट लिहिलं.
काय झालं ते तिला सांगायचं तर
मला तो शब्द मोठ्यानं म्हणावा लागला,
आणि मग तिच्या भाषेतला शिकावा लागला.
कापडं तिनं परत दिली नाहीत.
पायाला गुंडाळली की कशाला, विचारलं नाही.

आज पाच तारीख.
उद्या येईल, किंवा या खेपेला नाहीही.
वही उशाशी आहे, घडी खिशात,
तारखेपुढची जागा अजून कोरी.