बलुम

शनिवारी चार वाजता, फोर्टात,
एका सॉलिसिटरच्या कचेरीवरच्या खोलीत
रेत्नोबाई इंडोनेशियन शिकवतात.
आम्ही सहा जण. पाच जणांना कारण आहे:
सुरबायाशी कापडाचा धंदा, बालीतलं हॉटेल,
एक पोरगी तर सरळ प्रेमात.
मला नव्हतं. बत्तीस वर्षं विमा कंपनीत
‘दावा देय नाही’ लिहून निवृत्त झाले होते.
बाई म्हणाल्या, कारण हा शब्द आमच्याकडेही आहे,
तेवढ्यावर चालेल. बसा.

सगळे आपलेच शब्द.
समुद्र ओलांडून गेले आणि तिकडेच घरजावई झाले.
चिंता म्हणजे तिथे प्रेम.
संसाराचा झाला सङ्सारा, म्हणजे हालअपेष्टा.
यावर मिसेस कोरगावकर इतक्या हसल्या
की खालून पाणी मागवावं लागलं.

आठव्या शनिवारी बाईंनी विचारलं,
बुधवारी कोणाला वेळ आहे?
एका मालवाहू जहाजाचा मालक पगार बुडवून पसार,
अकरा माणसं पाच महिने बंदराबाहेर नांगरावर.
त्यांच्या आचाऱ्याला, पाय मोडला म्हणून,
बॅलार्ड इस्टेटला खलाशांच्या विसाव्यात आणलंय.
बोलायला कोणी नाही.
पैसे मिळणार नाहीत, बसभाडंसुद्धा.
मी हात वर केला.
शाळेत कधी केला नव्हता.

बहारुद्दीन, मकासरकडचा.
मी पाठ केलेलं एकमेव अख्खं वाक्य म्हटलं:
ग्रंथालय कुठे आहे?
त्याने गंभीरपणे खोलीभर पाहिलं, पलंगाखालीही.
इथे नाही, इबू.

इबू म्हणजे बाई. इबू म्हणजे आईसुद्धा.
मी दोन्हीला ओ दिली.

मग त्याने विचारलं, लग्न?
मी म्हटलं, तिडाक. नाही.
तो कळवळलाच. तिडाक नाही, इबू, बलुम म्हणायचं.
अजून नाही.
मी बोटं मोजून सांगितलं, चौपन्न.
त्याला त्यात काही अडचण दिसली नाही.
मुलं? त्याने विचारलं,
आणि माझ्या वतीने त्यानेच उत्तर दिलं, बलुम.
काय भाषा ही!
दाराला कडी म्हणून घालत नाही,
नुसतं लोटून ठेवते.

पुढच्या बुधवारी ठेचा नेला.
त्याने बोट बुडवलं, जिभेला लावलं,
आणि आईच्या दगडी खलाविषयी बोलत सुटला,
वेगात, मान खाली घालून.
मला निम्मंही कळलं नाही.
मी ‘या, या’ म्हणत राहिले.
त्यांच्यात त्याचा अर्थ हो, हो.
आपल्यात, दारात कोणी उभं असलं की म्हणतात तो.

त्यांच्यातही आम्ही वेगळं, आपण वेगळं.
जबानी इंग्रजीत उतरवणाऱ्या वकिलाला हे पटवायला
मला तास लागला:
‘आम्ही मीठभात खाल्ला’ यात
तुम्ही नाही, मी नाही, मालक तर नाहीच नाही.
त्याने बारीक अक्षरात समासात लिहून घेतलं.
माझ्या आयुष्यात मंजूर झालेला
हा बहुधा पहिला दावा.

मार्चमध्ये तो कुबडीवर विमानात बसला.
फोनवर आवाज पाठवतो, मागे कोंबड्या असतात.
पगार मिळाला का?
बलुम.

आता रेत्नोबाईंनी एक अर्ज दिलाय.
सोलो नावाच्या गावी तीन महिने,
सकाळी भाषा, दुपारी तिथल्या शाळेत मदत,
आपल्याकडचं काहीतरी शिकवायचं.
काय शिकवू? हिशेब? ठेचा?
वयाची अट कुठे छापलेली दिसली नाही,
मी चष्मा काढून, घालून, दोनदा पाहिलं.

सातवा प्रश्न: यापूर्वी इंडोनेशियाला गेला आहात का?
दोन चौकोन. होय. नाही.
नाहीवर पेन टेकलं सवयीने, ठिपका उठला.
मग दोन चौकोनांच्या मधल्या जागेत
लिहिलं ते एक अक्षर कमी उंचीचं,
एक उताणं,
शाई जरा फुटलेली.