तांबडी रेघ

उद्यमनगरात लेथ मशीन थांबलं की
ईश्वरा लोहारांची सभा भरायची:
सात सभासद, एक वही, एक वाकलेली दांडी.
चकत्या भंगारातून ओतलेल्या.
वीस किलोची एक काट्यावर चढवली,
भरली साडेएकोणीस.
तिथनं नियम सुरू झाले.

आता वही चौथी. गडहिंग्लजच्या पोरी येतात
गुडघ्याला पट्ट्या आवळून;
अख्खा हॉल ओरडतो, उचल की गं!
आणि जिंकलेलीच्या हातात आधी
रिकामी बाटली.

पहिल्या वहीतला पहिला विक्रम:
सुहास ईश्वरा लोहार, दोनशे दहा.
त्यावर तांबडी रेघ,
बापानंच मारलेली,
पट्टी धरून, सरळ.

सुहास अजून येतो. चकत्या पुसतो.
बाटल्या तोच वाटतो:
"गंगावेशीतलं दूधच पिऊन आलायस न्हवं?
मग भर की.
थरथरतोस कशाला?"