रविवारी करतो

सानपाड्यातल्या एका सोसायटीत, बी विंगची लिफ्ट
अकराव्या आणि बाराव्याच्या मधे थांबवून
मी तिच्या टपावर बसलोय.
बिघाड सकाळीच काढला. ही थांबवलीय मी मुद्दाम.
एका कानात इअरफोन,
दुसरा सवयीनं मोटरसाठी मोकळा.

सतरा वर्षांनी 'खारफुटी'चा अल्बम आलाय.

पहिला होता 'भरती'.
भालचंद्रच्या आईनं विचारलेलं, कसली भरती रे?
पोलिसांत घेतायत का?
तेव्हा भरदुपारी वाजवायचो आम्ही,
रबाळ्याच्या गाळ्यात, तापल्या पत्र्याखाली, बनियनवर.
हळदीला वाजवलं, गणपतीत वाजवलं,
एकदा ऐरोलीच्या शाळेत,
तिथल्या मोठ्या बाई ऑल्विनला म्हणाल्या,
बाळा, तुझा ड्रम जरा बारीक कर.

या नव्याचं नाव 'सुकती'.
आमच्याकडचा शब्द. बाकीचे ओहोटी म्हणतात.

पहिलं गाणं सुरू व्हायलाच दीड मिनिट लावतं.
आधी नुसती घरघर,
पांढरी पाच आणि काळी चारच्या फटीतली,
कुठल्याच पेटीवर न सापडणारी.
मला वाटलं मोटर.
मोटर बंद होती.

ओळखतो मी हिला.
गाळ्यातला जुना ॲम्प. अर्थिंग नव्हतं त्याला.
आमच्यात आयटीआय केलेला मी एकटा,
वायरमन, खिशात टेस्टर, गळ्यात बेस.
मोरेश्वर म्हणायचा, तारांतून मुंग्या येतात रे.
मी म्हणायचो, रविवारी करतो.

गुरुवारी तो माईकवर 'चेक' म्हणायला वाकला.
'चे' एवढंच म्हणाला.
हात गिटारीवरून सुटेना.
ऑल्विननं ड्रमच्या काठीनं वायर उडवली.

वाशीच्या हॉस्पिटलात बावीस दिवस.
मी त्याला भेटायला गेलो होतो,
गेटासमोरच्या रसवंतीपर्यंत.
एक ग्लास प्यायलो. आलं टाकलेला.
परत आलो.

आता तो डाव्या हाताच्या दोन बोटांनी वाजवतोय.
तारा सैल सोडल्यात, पार खाली उतरवल्यात,
सूर जमिनीला घासत चाललाय.
लोक म्हणतील, काय काळंकुट्ट करून ठेवलंय, मूड बदललाय यांचा.
मूड कसला,
ताणलेली तार दाबवत नाही त्याला.
भालचंद्रचा गळा पाणी उतरल्यावरच्या चिखलासारखा,
खेकड्यांच्या बिळांसकट.
चौथ्या गाण्यात त्याच्या बापाची होडी आहे,
भरावाखाली गेली ती. तिचा नंबर म्हणतो तो फक्त,
पुन्हा पुन्हा, तोच नंबर.

आणि नऊच्या नऊ गाण्यांत बेस नाही.
विसरलेले नाहीत. जागा सोडलीय.
ठराविक मात्रेला दार उघडतं,
आत कुणी येत नाही,
दार बंद होतं, पुढचा मजला.
घेता आलं असतं दुसऱ्या कुणाला.
कोपरखैरण्यात बेस वाजवणारी पोरं
पैशाला पासरी.

शेवटच्या गाण्याचं नाव 'रविवार'.
शब्द नाहीत. सहा मिनिटं तीच घरघर,
मागे कुठेतरी ऑल्विनची एक काठी, लाकडावर लाकूड,
आणि अगदी शेवटी
मोरेश्वर, माईकच्या जवळ:
"चेक."
पूर्ण. क-सकट.

खालून वॉचमन ओरडतो, मिस्त्री, झालं का?
अकराव्यावर कुणीतरी बटण दाबतंय, सारखं दाबतंय.
मी टेस्टर काढतो,
टपावरच्या डब्याच्या पत्र्याला टेकवतो.
दिवा लागत नाही.
लागायला नकोच असतो.
शर्टाला पुसून
पुन्हा टेकवतो.

"अर्थिंग बघतोय," मी खाली सांगतो,
"पाच मिनिटं."