बारदान वजा

पंचवटीच्या बाजार समितीत मी मापाडी.
पहिल्या कॅरेटला आम्ही एक म्हणत नाही,
लाभ म्हणतो. मग दोन, तीन.
माल काट्यावर, आकडा मोठ्याने,
कारकून लिहितो, बारदान वजा करतो.
एकोणीस वर्षं झाली,
माझ्या आवाजावर कुणी शंका घेतलेली नाही.

मुलगी जन्मली ती एक किलो नऊशे. काचेच्या पेटीत.
नर्स रोज वही दाखवायची
आणि टोमॅटो क्विंटलांनी तोलणारा मी
ग्रॅम मोजत उभा.
वैजयंता नवस बोलली.
दुसऱ्या वर्षी देवळात गुळाने तुला केली,
बारा किलो भरली,
वाटून वाटून हात चिकट झाले.
बारशाला आत्याने कानात नाव फुंकलं होतं, तन्वंगी.
अर्थ कुणी विचारला नव्हता.
चौथीत बाईंनी सांगितला,
अख्ख्या वर्गासमोर, पोर उभी असताना.

शिंका द्राक्षांवर गंधक मारायच्या दिवसांत सुरू झाल्या.
किंवा गल्लीच्या टोकाला गाजरगवत माजलं तेव्हा.
किंवा माझ्या शर्टातून घरी आलेल्या
कांद्याच्या पापुद्र्यांनी, कोण जाणे.
मग रात्री छातीत बारीक शिट्टी,
मग धावायला नको म्हणून शाळेला चिठ्ठी.
चिठ्ठीवर सही माझी.

डॉक्टर गोवर्धन्यांनी कागदावर गोल काढला,
पेन न उचलता:
दम लागतो म्हणून खेळ बंद,
खेळ बंद म्हणून अंग सुटतं,
अंग सुटलं की दम लवकर लागतो.
आधी कुठलं, मी विचारलं.
ते म्हणाले, नेमकं सांगता येत नाही.
नाक चोंदलं की झोप नाही,
न झोपलेलं पोर जास्त खातं.
चरबीही नुसती बसून राहत नाही, आत धुमसत असते.
पण सगळ्या जाड मुलांना दमा नसतो,
आणि दम्याची सगळी मुलं जाड नसतात.
मापाड्याला असलं उत्तर पचत नाही.
घरी येऊन वैजयंताने तुपाची बरणी
वरच्या फळीवर ठेवली.
दुसऱ्या दिवशी खाली घेतली. परत वर ठेवली.

एका रविवारी तिला यार्डात नेलं.
शेड रिकामं, दोन हमाल पत्ते खेळत बसलेले.
ती काट्यावर चढली, गंमत म्हणून.
आणि माझ्या तोंडाने, सवयीने,
शेडच्या पत्र्याला ऐकू जाईल असं:
बेचाळीस!

हमाल हसले. वाईट हसले नाहीत, नुसते हसले.
ती उतरली.
गाडीवर मागे बसताना शर्ट धरला नाही, सीटची कड धरली.
त्या रात्री तीनदा पंप द्यावा लागला.

आता शर्ट मी बाहेरच काढतो.
उजाडायच्या आत आम्ही गोदाकाठी चालतो,
पंप आधी, बूट नंतर.
ती पुढे, मी चार पावलं मागे,
दम लागला की ती थांबते, मी रुमाल शोधल्यासारखं करतो.
महिन्याने वजन तेवढंच.
उंची एक बोट वाढली, डॉक्टरांना त्यात आनंद.

घरी एक प्लास्टिकची नळी आणलीय,
आजीच्या काळच्या फुंकणीसारखी,
पण हिच्यावर आकडे आहेत.
उभं राहायचं, छाती भरायची, एका दमात फुंकायचं.
तीनदा. मोठा आकडा वहीत.

पहिल्या फुंकीला मी लाभ म्हणतो.
काटा सरकतो, ती वाकून बघते
आणि थेट माझ्या आवाजात ओरडते:
एकशे सत्तर!
शेजारची खिडकी उघडते.
वहीत लिहिता लिहिता
तन्वंगी विचारते,
पप्पा, बारदान वजा करायचं का ह्यातून?

मी कारकून नाही.
दोन, म्हणतो मी. फुंक.